स्ट्रॉबेरीची पिवळी पानं : साक्रीच्या रानातल्या नोंदी

१८ ऑक्टोबर

लागवड झाली एकदाची. ३ गुंठे, १२ बेड, एका बेडवर १२५ अशी १५०० रोपं, जात विंटर डॉन. रोपं वाईकडच्या नर्सरीतून रात्रभर गाडीतून आली, सकाळी ७ ला उतरवली, तोपर्यंत ओल्या गोणपाटाखाली होती म्हणून टवटवीत होती, पण आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन माहितीये ना, म्हणून दुपारी ४ पर्यंत आंब्याखालीच ठेवली आणि मग मी, आत्याबाई आणि दोन बायका अशा चौघींनी अंधार पडेपर्यंत लावली.

मागच्या वर्षी सापुताऱ्याला जाताना सुरगाण्याच्या बाजूला रस्त्यावर स्ट्रॉबेरीचे ठेले बघितले, आणि नंदुरबारकडे डाब-तोरणमाळच्या डोंगरातही लोक घेतात हे ऐकून होते, तेव्हापासून डोक्यात होतं की हिवाळ्यात थंडी तर आपल्याकडेही पडते, मग आपल्या रानात का नाही. कांद्याच्या वावरातले ३ गुंठे मागून घेतले. घरच्यांनी दिले.

लावताना एकच गोष्ट बायकांना परत परत सांगत होते, क्राऊन म्हणजे मुळं आणि पानं जिथे मिळतात तो गड्डा, तो बरोबर मातीच्या पातळीला राहिला पाहिजे. खाली गाडला तर सडतो, वर राहिला तर मुळं सुकतात. मल्चिंग पेपर चंदेरी-काळा, ठिबकच्या नळ्या पेपरखालून.

२ नोव्हेंबर

५८ रोपं गेली, तेवढीच जास्तीची ठेवली होती ती लावून टाकली. मेलेल्यातली सहा उपटून ब्लेडने क्राऊन उभा चिरून बघितला. चांगल्या रोपाचा आतून पांढरा असतो. चार रोपांचा वरून काळा पडून मऊ झाला होता, आणि ती सगळी खोल गेलेली, मातीत पुरलेली. दोन नुसती सुकली होती. आत लालसर-तपकिरी असं काही दिसलं असतं तर रोपांबरोबर रोग आलाय म्हणून घाबरले असते, ते नाही दिसलं. म्हणजे हात चुकला आपलाच. बाकी सगळ्यांनी नवीन पान काढलंय.

१७ नोव्हेंबर

नवीन पानं पिवळी येतायत. आधी वाटलं कोवळी आहेत म्हणून फिकी असतील, पण चार दिवस झाले तरी हिरवी होईनात, उलट ८ ते १२ नंबरचे बेड, जे उताराला खालच्या बाजूला आहेत, ते लांबूनसुद्धा पिवळे दिसतायत. आत्याबाई सकाळी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "यासले काय व्हयनं वं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेजारचे जिभाऊ येऊन बघून गेले, चाळीस वर्षांची शेती आहे त्यांची, मी त्यांचा शब्द सहसा खाली पडू देत नाही. ते म्हणाले पीक पिवळं म्हणजे भुकेलं, युरिया सोड. दुकानात फोटो दाखवला तर तिथून एक टॉनिकची बाटली, एक बुरशीनाशक आणि एक कीटकनाशक अशी तीन औषधं एकत्र मारायला दिली. संध्याकाळी ठिबकमधून युरिया सोडला आणि ती फवारणी पण केली. खूप अस्वस्थ होते, काहीतरी केलं पाहिजे एवढंच वाटत होतं.

२३ नोव्हेंबर

आगीतून फुफाट्यात. पिवळेपणा तसाच, वर आता बऱ्याच पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्यात. ८५० रुपये गेले ते गेले पण रोपांना उगाच त्रास दिला याचं जास्त वाईट वाटतंय.

आज ठरवलं की आता एक थेंबही मारायचा नाही, आधी बघायचं. घमेलं पालथं घालून त्यावर बसले, पोराच्या दप्तरातलं भिंग घेतलं, प्रत्येक बेडवरची दहा रोपं अशी एकूण १२० रोपं बघितली, आणि प्रत्येकाचं लिहीत गेले की दुखणं कोणत्या पानावर आहे, नव्या की जुन्या, कडेला की मधे, वर की खाली. तीन तास लागले. मान अवघडली पण डोकं मोकळं झालं, कारण तोपर्यंत मी ज्याला एक रोग समजत होते ती तीन वेगवेगळी दुखणी निघाली.

७१ रोपांत मधली कोवळी पानं पिवळी, अगदी लिंबासारखी, पण शिरा हिरव्या, पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याने जाळी काढावी तशा. त्याच रोपांची खालची जुनी पानं मात्र गडद हिरवी.

१९ रोपांत जुन्या पानांच्या कडा सुकून कुरकुरीत झालेल्या, कडेकडेनेच, आत ठिपका काही नाही.

८ रोपांत जुन्या पानांवर गोल ठिपके, मधे पांढरट आणि भोवती जांभळी कड, डोळ्यासारखे दिसतात.

आता हे नवं पान-जुनं पान का महत्त्वाचं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी विसरणार नाही. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतं, कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून त्याची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते. लोह फिरत नाही, जिथे बसलं तिथे बसलं, म्हणून ते कमी पडलं की नवीन पान उपाशी जन्माला येतं आणि जुनं खुशाल हिरवं राहतं. माझी जुनी पानं हिरवीगार आहेत. म्हणजे नत्र कमी नाहीच. युरिया द्यायची गरजच नव्हती, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेला मी.

२५ नोव्हेंबर

पण लोह कमी कसं असेल? काळी माती आपली, लोहाने भरलेली. मग नेमकं पाणी कुठे मुरतंय ते शोधायला आज माती आणि पाणी दोन्ही तपासलं.

मातीचं सोपं आहे. ८ नंबरच्या बेडमधला मूठभर सुका ढेकूळ बशीत फोडला आणि त्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतलं. सोड्यासारखा फेस आला, चुरचुर आवाज कानाला ऐकू आला. म्हणजे चुनखडी, आणि भरपूर. १ नंबरच्या बेडची माती तेवढी नाही उसळली. धुळ्याहून माती तपासणीचा कागद आला त्यात पण सामू (पीएच) ८.३ आणि मुक्त चुना जास्त असंच आलं. हा कागद लागवडीच्या आधी हातात हवा होता, मी नमुनाच उशिरा दिला.

पाण्यासाठी पीएच आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजायचे दोन छोटे मीटर मागवले होते. बोअरचं पाणी, ज्याच्यावर आत्तापर्यंत स्ट्रॉबेरी चालली होती, पीएच ८.२ आणि ईसी १.४. विहिरीचं पीएच ७.९ आणि ईसी ०.६. विहीर जुन्या फडाच्या (नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी वाटून घ्यायची पद्धत) पाटाजवळ आहे, पांझरेचं पाटपाणी झिरपतं तिच्यात, म्हणून गोडं आहे. आजेसासरे म्हणायचे म्हणे की या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते. बोअरच्या पाण्यात शिजतच नाही हे तर मला रोज दिसतं, तरी स्ट्रॉबेरीला तेच पाणी देताना मनात आलं नाही.

स्ट्रॉबेरी खाऱ्या पाण्याच्या बाबतीत फार नाजूक पीक आहे. ०.७ च्या वर ईसी गेला की उत्पादनाला मार बसायला सुरुवात होते, कांदाही नाजूकच, पण त्यामानाने थोडं जास्त सहन करतो. म्हणजे त्या १९ रोपांच्या करपलेल्या कडा मिठाच्या आहेत, आणि मी युरिया आणि आधी पांढरं पोटॅश टाकून त्यात भरच घातली, पांढऱ्या पोटॅशमध्ये क्लोराईड असतं आणि ते या पिकाला चालत नाही.

महाबळेश्वरची माती लाल जांभ्याची, आंबट बाजूची, तिथे या रोपाला लोह आपोआप मिळतं. आपल्याकडे लोह आहे पण चुन्याने बांधून ठेवलंय, सामू वर गेला की ते गंजासारखं होऊन मातीतच बसतं, मुळांना उचलताच येत नाही. शिवाय मी रोज तासभर ठिबक चालवत होते, खालच्या बेडमध्ये पाणी साचून राहत होतं, आणि चुनखडीच्या ओल्या, हवा नसलेल्या मातीत हा प्रकार अजून वाढतो. ८ ते १२ नंबरच जास्त पिवळे का, ते आत्ता समजलं.

आजपासून स्ट्रॉबेरीला फक्त विहिरीचं पाणी. बोअर कांद्याला.

२७ नोव्हेंबर

समजलं असं वाटतंय पण मागच्या वेळी पण वाटलंच होतं, म्हणून खात्री करायची. स्ट्रॉबेरीचं एक पान म्हणजे तीन पानांचा जोड असतो, त्याचा फायदा घेतला. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ) आणि चिमूटभर लिंबूफूल घातलं, एक थेंब शाम्पू घातला, आणि पोराच्या रंगाच्या ब्रशने पिवळ्या पानाच्या तिघांपैकी फक्त मधल्या पानाला लावलं, बाजूची दोन तशीच सोडली. अशी दहा रोपं, देठाला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दहा रोपांना काही न मिसळता नुसतं पाणी लावलं असतं तर अजून बरं झालं असतं, ते संध्याकाळी सुचलं, मग साध्या पाण्याचा ब्रश पाच रोपांना फिरवून आले, त्यांना पांढरा दोरा.

४ डिसेंबर

दहापैकी नऊ पानांत मधलं पान हिरवं!! बाजूची दोन पिवळीच. एका पानावर तर ब्रश नीट फिरला नव्हता तिथे हिरव्यात पिवळी पट्टी राहिलीये, ब्रशच्या केसांचे फराटे मोजता येतील इतकं स्पष्ट. पांढऱ्या दोऱ्याच्या पाच पानांत काही फरक नाही. मी तिथेच खाली बसले, आत्याबाईंना हाक मारली, त्या आल्या आणि पान हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. संध्याकाळी जिभाऊंना पण नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "मी युरिया सांगाले नको व्हता." एवढा मोठा माणूस असं बोलला, मला भरून आलं.

म्हणजे लोहच. आता प्रश्न ते मुळातून कसं द्यायचं हा.

५ डिसेंबर

दुकानदार म्हणतो हिराकस ठिबकने सोडा, स्वस्त पडेल. काल रात्री बोअरच्या पाण्याचे दोन काचेचे ग्लास भरून ठेवले होते, एकात चिमूटभर हिराकस, दुसऱ्यात तेवढंच ईडीडीएचए वालं लोह, म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणाऱ्या पदार्थात (चिलेट) बांधलेलं. सकाळी हिराकसच्या ग्लासात तळाला गंजाचा गाळ बसलेला, वर पाणी जवळजवळ नितळ. लोह सगळं खाली. दुसऱ्या ग्लासात बीटच्या पाण्यासारखा लालभडक रंग, तळाला काही नाही. जमिनीत पण हेच होणार.

दुकानात चिलेटेड फेरस म्हणून जे साधारण मिळतं ते ईडीटीए असतं, ते फवारायला ठीक, पण सामू ७ च्या वर गेला की त्यातलं लोह सुटतं आणि त्या जागी चुना येऊन बसतो. चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचएच टिकतं. महाग आहे, पण पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून तेच घ्यायचं. उन्हात त्याचा रंग आणि गुण दोन्ही जातात, म्हणून संध्याकाळी ठिबकने सोडायचं, पानावर नाही मारायचं, डाग पडतात.

संध्याकाळी ३ गुंठ्यांना ७५ ग्रॅम सोडलं. नळ्या आधी दहा मिनिटं नुसत्या पाण्यावर चालवल्या, मग औषध, मग परत पाच मिनिटं पाणी.

६ डिसेंबर

पाण्याचा सामू उतरवायचं काम. १० लिटरच्या बादलीत विहिरीचं पाणी, त्यात सायट्रिक ॲसिड म्हणजे आपलं लिंबूफूल एक-एक ग्रॅम टाकत, ढवळत, मीटर बुडवत गेले. ३ ग्रॅमला पीएच ६.३ वर आला. बोअरच्या बादलीला तिथपर्यंत यायला ६ ग्रॅम लागले, म्हणजे त्याच्यात आम्ल खाऊन टाकणारे क्षार दुप्पट. आता ५०० लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम, रोज एकच टाकी, रोपामागे पाव लिटर पण नाही असं नको म्हणून हिशेब केला तर ३३० मिली पडतं, थंडीत पुरे. आठवड्यातून एकदा दोन टाक्या सलग, म्हणजे मुळाजवळ साचलेलं मीठ खाली धुपून जाईल. पांढरं पोटॅश बंद, त्याऐवजी सल्फेटचं पोटॅश. पहिली फुलं सगळी खुडून टाकली, रोपात जीव नाही आत्ता फळाचं ओझं घ्यायचा.

१९ डिसेंबर

१५ तारखेला दुसरे ७५ ग्रॅम दिले. आज परत १२० रोपं. मधलं कोवळं पान पिवळं असलेली ७१ होती, आता २३. नवीन फूट हिरवी आहे, चमक आहे. एक गोष्ट लक्षात आली, जी पानं पूर्ण पिवळी-पांढरी झाली होती ती परत हिरवी झालीच नाहीत. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे जुन्या दुखण्याच्या पानावर नाही बघायचं, उपायानंतर निघालेल्या पानावर बघायचं.

२८ डिसेंबर

तीन दिवस ढगाळ, सकाळी दव इतकं की पायजमा ओला होतो. ते डोळ्यासारखे ठिपके ८ रोपांवरून २६ वर गेले. हा बुरशीचा पानठिपका, पान बराच वेळ ओलं राहिलं की पसरतो. ठिपक्यांची पानं देठासकट कात्रीने काढली, दर बेडनंतर कात्री डेटॉलच्या पाण्यात बुडवली, पानं पोत्यात भरून रानाबाहेर नेऊन जाळली, उकिरड्यावर नाही टाकली. दव वाळल्यावरच आत जायचं असं बायकांना सांगितलं. कृषी सहाय्यकांना फोटो पाठवून विचारलं, त्यांनी सांगितलेलं कॅप्टान एकदाच मारलं, फळ अजून सेटिंगला होतं म्हणून, आणि लेबलवर फवारणी ते तोडणी किती दिवस लिहिलेत ते कॅलेंडरवर गोल करून ठेवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. पहिली नीट तोडणी, साडेसहा किलो. आत्याबाईंनी वाणाच्या ताटात तिळगुळाबरोबर एकेक स्ट्रॉबेरी ठेवली, गावातल्या बायकांनी हातात घेऊन वास घेतला आधी. ठिपके थांबलेत. पानं हिरवी आहेत. आज दुसरं काही लिहायचं नाही.

३ फेब्रुवारी

दुपार तापायला लागली. १ नंबरचा बेड, जो गाडरस्त्याला लागून आहे, त्याची पानं वरून निस्तेज, तांबूस, बारीक सुई टोचल्यासारखे पांढरट ठिपके. क्षणभर पोटात गोळाच आला, परत लोह की काय. पण दुखणं जुन्या आणि मधल्या पानांवर आहे, शिरा-बिरा काही वेगळ्या दिसत नाहीत, म्हणजे ते नाही. पान उलटं केलं. बारीक जाळी, आणि भिंगातून हलणारे पिवळट ठिपके, पाठीवर दोन्ही बाजूला काळा डाग. लाल कोळी, दिसायला पिवळट असला तरी नाव तेच. पांढऱ्या कागदावर पान झटकलं तरी दिसतात.

रस्त्याची धूळ पानावर बसते आणि तिथूनच सुरुवात झालीये. कोळ्याला आठ पाय, तो कीटक नाही, त्यामुळे साध्या कीटकनाशकाने मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो फोफावतो. नोव्हेंबरमध्ये मी जे तीन औषधांचं मिश्रण मारलं त्यात कीटकनाशक होतं, त्याचा पण यात हात असेल असं मला वाटतं.

मधल्या वयाच्या ३० पानांवर मोजले, १ नंबरमध्ये एका पानाला सरासरी ११, बाकी बेडवर २ च्या आत. मी मर्यादा ५ ची ठरवलीये. म्हणून फक्त १ आणि २ नंबर धरले. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरात फवारा मारून धूळ-जाळी धुतली, दुपारपर्यंत पानं सुकली. रात्री ५ किलो निंबोळ्या कुटून १० लिटर पाण्यात भिजत घातल्या, उद्या गाळून १०० लिटर करून साबणाच्या पाण्याबरोबर संध्याकाळी मारणार, मधमाश्या घरी गेल्यावर, नोझल वर करून पानाखाली. गंधक मारावं का विचार केला, पण निंबोळीत तेल असतं आणि तेलाजवळ गंधक मारलं की पानं भाजतात, ऊन ३२ च्या वर गेलं तरी भाजतात. त्यामुळे गंधक नाही.

रस्त्याच्या कडेने आमच्या ह्यांनी जुनी शेडनेट बांधली, धूळ अडवायला.

१० फेब्रुवारी

अंडी मरत नाहीत, म्हणून सहाव्या दिवशी काल परत निंबोळी. आज मोजलं, १ नंबरमध्ये सरासरी ४. पानाखाली राईएवढा काळा ढालकिडा दिसला, कोळी खाणारा, एकाच पानावर दोन. अजून रासायनिक मारायचं नाही, त्यांना त्यांचं काम करू दे.

२२ फेब्रुवारी

कोळी सरासरी २. आतापर्यंत तोडणी एकूण १४८ किलो, धुळे आणि पिंपळनेरला घरोघरच गेली सगळी. ८ ते १२ नंबरच्या बेडने वरच्या बेडच्या जेमतेम निम्मं दिलं, नोव्हेंबरमध्ये गेलेले ते तीन आठवडे भरून निघाले नाहीत.

पुढच्या हंगामासाठी खालचे पाच बेड सोडून देणार, वरच्या सात बेडच्या शेजारी चर मारून निचरा काढणार, लागवडीआधी जूनमध्येच माती आणि पाणी तपासायला देणार. दोन बेडवर कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) पिशव्यांत लावून बघायचं मनात आहे, म्हणजे चुनखडीचा संबंधच येणार नाही, खर्चाचा हिशेब अजून मांडायचाय. लाल दोऱ्याचं एक पान वहीत दाबून ठेवलं होतं, सुकून तपकिरी होत आलं होतं तरी मधलं पान बाजूच्या दोघांपेक्षा गडद दिसत होतं. जिभाऊ काल येऊन ते मागून घेऊन गेले, त्यांच्या पपईची कोवळी पानं पिवळी पडलीयेत. उद्या सकाळी व्हिनेगरची बाटली आणि ब्रश घेऊन त्यांच्या वावरात जायचंय.